ठाण आणि ठाणे

मराठी भाषेत ‘ठाण’ आणि ‘ठाणे’ हे दोन सख्खे शब्द आहेत. दोघांचेही मूळ संस्कृतातील ‘स्थान’ या शब्दात आहे. घोडा ज्या जागी बांधतात ते त्याचे ठाण. आणि मुलखाचा बंदोबस्त ठेवणारे शिपाई ज्या जागी राहतात ते ठाणे. पोलीस ठाणे आज लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. घोड्याचे ठाण पाहिलेला विद्यार्थी मात्र विरळाच. परंतु इंग्रजी अमदानीत या दोन जागा पुष्कळदा एकाच आवाराच्या भिंतीआड नांदत होत्या, आणि तेथील पागेत काय चाले हे समजून घेतल्यावाचून त्या काळच्या पोलिसांचे काम नीट समजत नाही.

या गोष्टीचा आरंभ पनवेलपासून करणे सोयीचे आहे. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये रेल्वे नव्हती, त्या काळी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीत बसून खाडीमार्गे पनवेलच्या बंदरावर उतरे. भरतीची वेळ साधली नाही, तर चिखलात रुतलेल्या होडीत ताटकळत बसावे लागे. बंदरावर उतरल्यावर पुढचा प्रवास पालखीतून, घोड्यावरून अथवा पायी करावयाचा, आणि खोपोलीपासून बोरघाट चढावयाचा. बिशप हेबर हा इंग्रज धर्माधिकारी १८२५ साली याच वाटेने पुण्यास गेला. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन मालकम याने घाटातील गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचे भाग्य उघडले. देशावरचा माल गाड्यांतून घाट उतरून पनवेलच्या बंदरावर येऊ लागला. गाड्यांची चाके तयार करणे हा या गावाचा मुख्य धंदा होऊन बसला. देशावरचा गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी विकत घेऊन जाई. १८५२ साली पनवेलला नगरपालिकाही स्थापन झाली. जेथे एवढी वर्दळ, तेथे घोडाही आलाच. एका घोड्याला पुण्याची सगळी मजल एका दमात झेपत नसे, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ताज्या दमाचे घोडे बांधून ठेवावे लागत. थकलेला घोडा सोडावयाचा, ताजा जोडावयाचा आणि पुढे निघावयाचे, असा तो क्रम होता.

१८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती कल्याण-कर्जतच्या बाजूने गेली आणि पनवेल एका बाजूस राहिले. प्रवाशांचा ओघ आटला. परंतु सरकारी कामासाठी घोड्याची गरज आटली नाही. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतील पोलिसांसाठी १८६७ साली स्वतंत्र कायदा झाला. जिल्ह्याचा पोलीस अधिकारी, त्याच्या हाताखालचे फौजदार आणि शिपाई अशी व्यवस्था त्यातून पक्की होत गेली. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात गेला. हाच जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. देशावरच्या मोकळ्या, सपाट मुलखात घोडेस्वार पोलिसांचा उपयोग मोठा होता. कोकणात खाड्या, भातखाचरे आणि डोंगरवाटा आडव्या येत. पावसाळ्याचे चार महिने तर घोड्याचे पाय गुडघाभर चिखलात जावयाचे. म्हणून येथे भार मुख्यतः पायी शिपायावर असे. पनवेलसारख्या तालुक्याच्या गावी लागणारी पागा म्हणजे शंभर घोड्यांची राजेशाही पागा नव्हे. गावोगाव फिरती करणाऱ्या अधिकाऱ्याचे घोडे आणि निकडीचा निरोप नेणाऱ्या स्वाराचे जनावर एवढ्यापुरते छप्पर तेथे पुरेसे होते. जेथे तार पोहोचलेली नव्हती, तेथे खून वा दरोड्याची खबर घोड्याच्या पायांनीच वरच्या कचेरीत जाई.

घोड्याचे घर बांधणे हे माणसाचे घर बांधण्याहून सोपे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. घोडा हा मोठा नाजूक प्रकृतीचा प्राणी आहे. तो बरीचशी झोप उभ्यानेच घेतो. त्यामुळे जमिनीचा दोष प्रथम त्याच्या खुरांना भोवतो. ओल साचली की खुर सडू लागतो, आणि खूर गेला म्हणजे घोडा गेला. म्हणून पागेची जमीन दगडी फरशीची अथवा उभ्या बसविलेल्या विटांची करीत, आणि तिला मागच्या बाजूस किंचित उतार देत. मूत्र आणि धुण्याचे पाणी त्या उतारावरून उथळ मोरीत जाई व तेथून बाहेर पडे. उतार फार दिला तर घोड्याच्या मागच्या पायांच्या शिरांवर ताण येतो. कमी दिला तर पाणी तुंबते. चांगल्या गवंड्याची पारख तेथेच होई.

दुसरी गोष्ट हवेची. घोड्याच्या मूत्रातून अमोनियाचा उग्र वायू सुटतो. तो कोंडला तर जनावराच्या डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होतो. हवा तर खेळती पाहिजे, पण वाऱ्याचा झोत घामेजलेल्या अंगावर थेट येता कामा नये. यासाठी झरोके घोड्याच्या डोक्याहून उंच ठेवीत. आणि मोठ्या पागांच्या आढ्यावर थोडे उंचावलेले दुसरे लहान छप्पर बसवीत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाई आणि पाऊस मात्र आत येत नसे. १८६५ नंतर मंगळुरी कौले निघू लागली आणि पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. पागेच्या छपराला ती फार मानवली, कारण कौलांच्या फटींतूनही हवा वाहत राहते.

एका घोड्याच्या ठाणास सुमारे ६ फूट रुंदी आणि ९ ते १० फूट लांबी लागे. दोन ठाणांमध्ये लाकडी आडोसा असे. समोर गव्हाण, भिंतीत लोखंडी कडी. कडीला अडकविलेल्या पुढच्या दोराला अगाडी म्हणत आणि मागच्या पायांच्या दोराला पिछाडी. आजारी घोड्यासाठी अंतरावर एक मोकळी, मोठी खोली राखून ठेवीत. ही केवळ चैन नव्हती. ग्लँडर्स नावाचा एक भयंकर संसर्गजन्य रोग घोड्यांना होतो आणि तो माणसालाही जडतो. त्याच्या बंदोबस्तासाठी सरकारने १८९९ साली स्वतंत्र कायदाच केला होता. गवताची गंजी पागेपासून दूर ठेवीत, कारण ठिणगी पडली तर बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. पाण्याची विहीर मात्र जवळ लागे. एक घोडा दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात याहूनही अधिक. दहा घोड्यांची पागा असेल तर विहिरीवरच्या माणसाचे खांदे किती भरून येत असतील, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

या सर्व व्यवस्थेमागे जी माणसे राबत, त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर आढळत नाहीत. पहाटे उठून खरारा करणारा, ठाण झाडणारा, चंदी चारणारा तो मोतद्दार. खुरांना नाल ठोकणारा तो नालबंद. दुखणेपाखणे पाहणारा तो सलोत्री. यातील शेवटचा शब्द मोठा प्राचीन आहे. अश्वविद्येचा आद्य आचार्य शालिहोत्र याच्या नावावरून तो आला, आणि इंग्रजांच्या फौजेतही घोड्यांच्या देशी वैद्याला हेच नाव चालत असे. १८८६ साली परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि सलोत्र्याच्या हातची विद्या पुस्तकांत जाऊन बसली.

माणसे गेली, तरी त्यांचे शब्द मराठी बोलीत अद्याप वावरत आहेत. तोंडाचा तोबरा भरणारा मनुष्य, कोणाला तरी चंदी चारून आपले काम साधून घेणारा धूर्त, सभेतील निरुपयोगी खोगीरभरती, आणि नेमक्या वेळी पेंड खाणारे घोडे, ही सारी पागेतूनच आली. पागनीस, पागे, नालबंद ही आडनावेही तेथलीच. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधावयाची दाण्याची पिशवी आणि खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबावयाच्या चिंध्या व लोकर, हे ज्याने पाहिले नाही, तोही हे शब्द बिनचूक वापरतो. भाषेने या वस्तू ज्या निष्ठेने सांभाळल्या, तेवढ्या निष्ठेने लोकांनी इमारती सांभाळल्या असत्या तर आज तक्रारीस जागा उरली नसती.

जिल्ह्यांतील पागा लहान होत्या. मुंबई शहरातील घोडेस्वार पोलिसांचा थाट मात्र निराळा होता. सर फ्रँक सूटर हा १८६४ साली मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर झाला आणि चोवीस वर्षे त्या जागेवर राहिला. या काळात शहर वाढत गेले आणि उत्सवाच्या, मिरवणुकीच्या, दंग्याच्या प्रसंगी घोडेस्वार पोलीस रस्त्यांवर दिसू लागले. गर्दीत घोड्यावर बसलेला एक स्वार दहा पायी शिपायांचे काम करतो. त्याला दूरवरचे दिसते आणि लोकांनाही तो दुरून दिसतो. शिवाय एवढे मोठे जनावर अंगावर येत आहे म्हटल्यावर धीट मनुष्यही दोन पावले मागे सरतो.

येथेच या विषयातील खरी अडचण उभी राहते. मागे सरणारी ती माणसे कोण होती? ११ एप्रिल १९१९ रोजी, रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, मुंबईत पायधुणीला प्रचंड जमाव लोटला होता. महात्मा गांधींना पंजाबकडे जाताना अटक करून परत मुंबईत आणून सोडले होते आणि लोक प्रक्षुब्ध झाले होते. घोडेस्वार पोलीस भाले सरसावून त्या जमावात घुसले. माणसे पडली, तुडविली गेली. भाल्यांची टोके गांधीजींच्या मोटारीला जवळजवळ घासून गेली. हे सारे गांधीजींनी आत्मकथेत स्वतः लिहून ठेवले आहे. पोलीस कमिशनर ग्रिफिथ याच्याकडे जाऊन त्यांनी या वर्तनाबद्दल आपला निषेध सांगितला, पण कमिशनरास त्यात काही वावगे वाटले नाही.

पनवेलच्या लोकांना तर याहून जवळची आठवण आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याने घाट उतरून पनवेलजवळच्या पळस्पे गावी छापा घातला आणि मोठी लूट नेली; परंतु पाठलाग झाला आणि चकमकीत तो पडला. मेजर डॅनियल हा पोलीस अधिकारी फडक्यांच्या मागावर राहिला आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याने त्यांना पकडले. फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात मरण पावले. ज्या सरकारने त्यांचा पाठलाग केला, त्या सरकारच्या घोड्यांचे तबेले आपण कशासाठी जपावयाचे, असा प्रश्न पनवेलच्या एखाद्या विद्यार्थ्याने केला तर तो उद्धट ठरत नाही. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

मुंबईतील एका घोड्याची हकीकत या ठिकाणी उपयोगी पडेल. सातवा एडवर्ड इंग्लंडचा युवराज असताना मुंबईस येऊन गेला. त्याचा अश्वारूढ पुतळा पुढे डेव्हिड ससून यांचे चिरंजीव आल्बर्ट ससून यांनी शहराला दिला. लोकांनी त्या जागेला नाव दिले ते ‘काळा घोडा’! स्वार राजपुत्र होता. लोकांनी घोडा तेवढा ध्यानात ठेवला. १९६५ साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेला, तरी नाव काही हलले नाही. शेवटी २०१७ मध्ये त्या परिसरात एक नवा काळा घोडा उभारण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

पुतळा आणि पागा यांत भेद आहे. पुतळा गौरवासाठी उभारतात. पागा कामासाठी बांधतात. पुतळा हलविला म्हणजे गौरव संपतो. पागा पाडली म्हणजे राज्यकर्त्यांचे काहीच बिघडत नाही. पुसला जातो तो पुरावा. परके सरकार थोड्या माणसांनिशी एवढा मोठा मुलूख कसा ताब्यात ठेवीत होते, त्याचे हात-पाय कोठे होते, त्यांना दाणापाणी कोण घालीत होते, याची साक्ष कायद्याच्या पुस्तकापेक्षा भिंतीतील एक कडी अधिक स्पष्टपणे देते. शिवाय ती पागा बांधणारे गवंडी, सुतार आणि तेथे राबणारे मोतद्दार याच मुलखातील होते. त्यांच्या हातचे काम राणीच्या नावावर जमा करून टाकणे हा न्याय नव्हे.

पागा गेल्या त्या कोणी रागाने पाडल्या म्हणून नव्हे. मोटार आली आणि घोड्याचे काम संपले, एवढेच. मुंबईतील घोडेस्वार पोलीस दल १९३२ साली बंद झाले. घोडे गेल्यावर अशा इमारतींचे पुढे काय होते, ते ठरलेलेच असते. ठाणांमधील आडोसे काढून तेथे मोटारी उभ्या करतात. फरशीवर सिमेंट ओततात. झरोके बुजवून कागदपत्रांची कोठी करतात, आणि हवा कोंडल्यामुळे वासे कुजू लागले की इमारत धोकादायक झाल्याचा अहवाल येतो. झरोके बुजवूनच ती धोकादायक केली, हे त्या अहवालात लिहिलेले नसते.

म्हणून जतनाचे काम करणाऱ्याने आधी घोड्याचे शास्त्र शिकावे, हे म्हणणे विनोदाचे नाही. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना श्वास घेतो; भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते. पागेच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो, कारण वर्षानुवर्षांच्या मूत्रातील क्षार फरशीत आणि भिंतीच्या तळाशी मुरलेले असतात. ओल अडकली की ते फुलून येतात आणि विटेचा भुगा करतात. चुन्याला चुना, सागाला साग, कौलाला कौल, आणि झरोके मोकळे, एवढे पथ्य पाळले तर अशा इमारती सहसा दगा देत नाहीत.

कायद्याचे साहाय्यही थोडेफार आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात निदान शंभर वर्षांचे वय लागते. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. मुंबईने १९९५ साली वारसा-इमारतींची नियमावली करून त्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या आणि देशातील इतर शहरांना वाट दाखविली. तथापि या याद्यांत देवळे, राजवाडे, सभागृहे आणि मनोऱ्यांच्या कचेऱ्या यांना जागा चटकन मिळते. कचेरीच्या पाठीमागची बैठी, कौलारू पागा यादी करणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही, आणि पडली तरी ती पागा आहे हे त्याला कळेलच असे नाही.

परदेशी उदाहरण द्यावयाचे तर व्हिएन्ना शहराचे देता येईल. तेथील सम्राटांच्या विस्तीर्ण अश्वशाळांमध्ये २००१ साली संग्रहालयांचा एक मोठा परिसर सुरू झाला. परंतु तेवढा पैसा सर्वांपाशी नसतो, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी संग्रहालय काढण्याची आवश्यकताही नाही. कोलकात्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील घोडेस्वार पोलीस दलाचा आरंभ १८४० साली एक दफेदार आणि दोन स्वार यांच्यावर झाला आणि ते दल कधी मोडले नाही. म्हणून त्याची पागा वारसा म्हणून वेगळी वाचवावी लागली नाही. मुंबईने २०२० च्या जानेवारीत, ८८ वर्षांनंतर, घोडेस्वार दल पुन्हा उभे केले. शिवाजी पार्कवरील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लोकांनी ते कौतुकाने पाहिले. घोडे विकत मिळाले, गणवेश शिवून झाले. परंतु ठाणांची नवी जागा आणि नाल ठोकणारा जाणता हात या गोष्टी पहिल्यापासून जमवाव्या लागल्या.

पनवेलला आता वेळ थोडा आहे. १९६० नंतर तेथे रेल्वे आली, पुढे द्रुतगती मार्ग आला, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तालुक्याच्या हद्दीतील विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि अशा वेळी जुन्या सरकारी आवारातील बैठे छप्पर सर्वांत आधी डोळ्यांत खुपते. प्रत्येक छप्पर वाचेल असे नाही. परंतु जे जाणार आहे त्याची मोजदाद तरी आधी करून ठेवता येते: भिंतीत कड्या किती आहेत, त्या जमिनीपासून किती उंच आहेत, दोन कड्यांमधील अंतर किती आहे, मोरी कोणत्या दिशेने उतरते, विहीर किती पावलांवर आहे, आणि गावातील वृद्ध माणसे त्या जागेला अद्याप काय म्हणतात. कड्यांमधील अंतर सहा फुटांच्या आसपास भरले, तर ती जागा गाईगुरांची नव्हे, घोड्यांची, असे बहुधा समजावे. या कामास एक मोजपट्टी, एक वही आणि दुपारचे दोन तास पुरतात. पोलिसांच्या आवारात जाण्यासाठी मात्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.